जुनी मोटारसायकल आणि लांबचा प्रवास

जुनी मोटारसायकल विकत घेणाऱ्यास तिची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा विकणाऱ्यापाशी आणि दुसऱ्यांदा मिस्त्रीपाशी. पहिली किंमत घासाघीस करून कमी होते. दुसरी मात्र वाहनाच्या अंगात आधीच भरलेली असते, आणि कोणाच्याही गोड बोलण्याने ती उतरत नाही. ही दुसरी किंमत सौद्यापूर्वी अजमावणे व तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवल्यावरच पहिली देणे, एवढेच या व्यवहारातले शहाणपण. आजच्या भाषणात त्याचीच थोडी फोड करून सांगण्याचा माझा विचार आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून घाटंजी हे गाव आपण डोळ्यांपुढे ठेवू. यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण वाघाडी नदीच्या काठी, कापसाच्या काळ्या जमिनीत वसलेले आहे. पश्चिमेस आर्णी आणि पूर्वेस पांढरकवडा. आर्णीवरून तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद हा ४४ क्रमांकाचा, म्हणजे थेट श्रीनगरहून कन्याकुमारीस पोहोचणारा. गाव आडबाजूस खरे, परंतु त्याच्या दोन्ही अंगांनी देशाचे असे दोन मोठे रस्ते गेलेले आहेत. तेथील एखाद्या शिक्षकास किंवा दुकानदारास दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकलीवरून दूरवर जाऊन यावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? नव्या प्रवासी मोटारसायकलींच्या किमती लाखांच्या घरात गेल्यामुळे तो जुन्या वाहनाकडे वळतो, आणि त्यातही काही गैर नाही.

तथापि महामार्गाला लागण्यापूर्वी त्याला जो रस्ता ओलांडावयाचा असतो, त्याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील काळी माती डांबरावर येते आणि एक सर पडली की साबणासारखी निसरडी होते. कापसाच्या दिवसांत दोन्ही बाजूंनी फुगवून भरलेल्या गाड्या संध्याकाळी रस्त्यावर असतात, आणि त्यांतील कित्येकींना मागे दिवाच नसतो. टिपेश्वरचे अभयारण्य पांढरकवडा व घाटंजी या दोन तालुक्यांत पसरलेले आहे. त्याच्या आसपास रात्री रोही आणि रानडुक्कर अचानक आडवे येतात. उन्हाळा तर वऱ्हाडचा. पारा पंचेचाळीस अंशांना शिवतो. आपण जे वाहन घ्यावयाचे ते या रस्त्यावर चालणारे, आणि मुख्य म्हणजे या रस्त्यावर थांबणारे हवे. हिमालयाच्या चित्रातील मोटारसायकल पाहून घेतलेला निर्णय येथे उपयोगी पडत नाही.

आता वाहन कोणते? नावे पुष्कळ घेता येतील. परंतु जुन्या प्रवासी मोटारसायकलीचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे पहिले नाव बुलेटचे येते, व त्याला कारण आहे. इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीने पहिली मोटारसायकल १९०१ साली बनविली आणि ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली वापरात आणले. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली व मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना सुरू झाला. मौज अशी की, पुढे मूळचा इंग्रजी कारखाना बंद पडला आणि मद्रासची शाखा मात्र वाढतच राहिली. १९९४ साली ती आयशर समूहात विलीन झाली. एकच घडण इतकी दशके टिकल्यामुळे तिचे सुटे भाग मिळतात आणि तालुक्याच्या मिस्त्रीच्या हाताला ती परिचित असते. प्रवाशाच्या दृष्टीने हा गुण वेगापेक्षा मोठा. जे वाहन यवतमाळास दुरुस्त होते पण किनवटास होत नाही, ते कितीही उत्तम असले तरी प्रवासाचे नव्हे.

बाजारात बुलेटच्या दोन पिढ्या आढळतात. २०१० च्या सुमारापर्यंतच्या जुन्या पिढीचे सिलिंडर बिडाचे असून इंजिन व गिअरपेटी वेगवेगळ्या असतात. नव्या पिढीत दोहोंचे एकच घर असते आणि टॅपेट तेलाच्या दाबाने आपोआप जुळतात. जुन्या पिढीचे टॅपेट हातांनी जुळवावे लागतात. याखेरीज एका भेदाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. चार गिअरांच्या जुन्या बुलेटांत गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या वाहनांवर शिकलेल्या माणसाचा पाय संकटाच्या क्षणी सवयीने उजवीकडेच दाबला जातो, आणि तेथे ब्रेक नसतो! अशी गाडी घ्यावयाची असेल तर महिना-पंधरा दिवस गावातल्या गावात सराव झाल्याखेरीज तिला महामार्ग दाखवू नये.

यानंतर प्रश्न कागदपत्रांचा. गाडीपूर्वी कागद पाहावा. नोंदणीपत्रावरील इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक प्रत्यक्ष धातूवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा; कानस फिरविल्याची किंवा अंक पुन्हा ठोकल्याची शंका आली तर तेथूनच परतावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपल्यावर तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक उत्तर येथे आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही राज्यात उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली आहे, तीही लागलेली आहे की नाही ते पाहावे. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सहीचा नमुना ३५ हवा. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते, आणि आदिलाबादकडची एखादी गाडी दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळते असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. पण परराज्यातील गाडीस नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथला कर भरावा लागतो. हे सर्व धरले म्हणजे ती स्वस्ताई बहुधा उरत नाही.

हस्तांतराची हयगय दोन्ही पक्षांना महागात पडते. नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला गृहस्थ पुढच्या अपघातात जबाबदार धरला जाऊ शकतो. आणि घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. नाही तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. ओळखीचा माणूस आहे, सवडीने करू, हे वाक्य या व्यवहारात कोणी उच्चारू नये.

आता प्रत्यक्ष परीक्षा. विकणाऱ्यास आदल्या दिवशीच निरोप द्यावा की, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर प्रथम इंजिनास हात लावून पाहावा. ते कोमट असेल तर काहीतरी लपविलेले आहे असे समजण्यास हरकत नाही. कारण थंड इंजिन खोटे बोलत नाही. सुरू झाल्यावर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हचे भाग झिजले आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते. हा दोष पुष्कळदा कार्ब्युरेटर साफ करून जुळविल्याने जातो. सकाळच्या गारव्यात क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. टॅपेटची हलकी टकटक चालेल; खालच्या अंगाने येणारा जड ठोका चालणार नाही, कारण तो बहुधा क्रँकच्या बेअरिंगचा असतो आणि त्यासाठी इंजिन पुरते उघडावे लागते.

इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मध्येच खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेट गेला. फोर्कची खालची टोके धरून मागेपुढे ओढावे. खटखट झाली तरी दोष तोच. मागचे चाक धरून आडवे हलवावे, म्हणजे स्विंग आर्मची बुशे कळतात. आऱ्यांवर पान्याने हलके टिचकावे. ताठ आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. मग हँडल सरळ धरून सुताराच्या दोरीने दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहावे. नसतील तर चेन ताणताना मागचे चाक वाकडे बसले असेल, अथवा सांगाडा वाकलेला असेल. पहिला दोष दहा मिनिटांचा, दुसरा जन्माचा.

टायरवर नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२२१९’ असे असेल तर तो २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. उभ्या गाडीचे रबर न झिजताही कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात, आणि ओल्या रस्त्यावर असा टायर पकड सोडतो. चेनच्या चक्राचे दात वाघनखांसारखे वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावी लागणार. बॅटरीवर मीटर लावून इंजिनाचा वेग किंचित वाढवावा. बारा व्होल्टच्या व्यवस्थेत सुमारे चौदा व्होल्ट दिसले तर बॅटरी भरली जात आहे.

आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील वायसर या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळाभर अर्धवट भरलेल्या टाकीने उभी राहिलेली गाडी असेल, तर टाकीचे झाकण उघडून आत उजेड टाकावा आणि गंज आहे का ते पाहावे. रबरी नळ्या तर न विचारता नव्या घालाव्या. त्यांची किंमत क्षुल्लक आहे, आणि भर उन्हात तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचा परिणाम क्षुल्लक नाही.

या परीक्षेतून जी यादी निघेल तीच मघा सांगितलेली दुसरी किंमत. समजा, एखाद्याजवळ एक लाख रुपये आहेत. त्याने सुमारे पाऊण लाखापर्यंतचीच गाडी पाहावी आणि पाव हिस्सा दुरुस्तीसाठी राखावा. ज्याने सारा लाख विकणाऱ्याच्या हाती दिला, त्याच्यापाशी गाडी असते पण ब्रेकला पैसे नसतात. आणि मग तो झिजलेल्या टायरांवरच हा हंगाम काढू असे ठरवितो. अपघाताची सुरुवात रस्त्यावर होते असे आपण समजतो, पण कित्येकदा ती अशा हिशेबाच्या कागदावर झालेली असते.

राखलेला पैसा कोणत्या क्रमाने खर्चावा, यालाही एक नियम आहे. गाडी थांबविणारे आणि सरळ ठेवणारे भाग पहिले: ब्रेकचे शू किंवा पॅड, टायर, ट्यूब, कोनसेट, चाकांची बेअरिंगे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या मोटारसायकलीस चाक जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. आपल्या जुन्या गाडीत ती बहुधा नसते. काळ्या मातीच्या चिखलावर चाक जाम झाले की गाडी घसरलीच. तेव्हा येथे काटकसर नको. त्यानंतर गाडी चालविणारे भाग: तेल, गाळण्या, प्लग, चेन, केबली. त्यानंतर दिवे व वायरिंग. सामान लादण्याची व्यवस्था चौथी. रंग, क्रोम आणि शोभा सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा लागतो, म्हणून तो मी स्पष्ट सांगितला.

सामानाची व्यवस्था करताना वजन कोठे बसते हे पाहावे. जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या बैठकीजवळ, हलक्या वस्तू वर. सारे ओझे मागच्या आसाच्याही मागे टांगले तर पुढचे चाक हलके होते आणि वेग वाढताच हँडल थरथरू लागते. दोन्ही बाजूंच्या पिशव्या तराजूसारख्या सम भराव्या. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी त्याला टेकू देऊ नये. ज्याला लोक लडाख कॅरिअर म्हणतात, तो नटबोल्टांनी बसणारा घ्यावा. त्यासाठी सांगाड्यावर वेल्डिंग करू नये आणि छिद्रेही पाडू नयेत. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल कायद्यास मान्य नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे. कर्कश सायलेन्सर तर सर्वथा वर्ज्य. तो कायद्यास जसा मान्य नाही तसा शेजाऱ्यासही नाही. जादा दिवे लावायचे तर कमी वीज खाणारे लावावे. जुन्या गाडीची वीज मोजकीच असते. आणि मागे पत्नी किंवा मुलगा बसणार असेल तर हेल्मेट दोन घ्यावी, भारतीय मानकाची खूण पाहून.

अवजारांची पिशवी लहान पण विचाराने भरलेली असावी: गाडीच्या मापाचे पाने, पेचकस, पक्कड, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंक्चरचे साहित्य, हवेचा पंप, एक ट्यूब, प्लग, फ्यूज, दिव्याचा बल्ब, चेनची कडी. क्लचची जादा केबल जुन्या केबलीशेजारीच आधी ओवून ठेवावी. म्हणजे आडरानात पहिली तुटली तर दोन्ही टोके जोडण्याचेच काम उरते. मात्र पंक्चर काढण्याचे काम घरच्या अंगणात एकदा स्वतः करून पाहिल्याखेरीज ही पिशवी म्हणजे नुसते ओझे आहे.

जुन्या गाडीने लांबचा प्रवास खरोखर होतो काय, अशी शंका कोणास येईल. लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी एल्स्पेथ बिअर्ड १९८२ साली मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. तिची बीएमडब्ल्यू १९७४ सालच्या बनावटीची आणि दुसऱ्याच्या हातून विकत घेतलेली होती. वाटेत पैसे संपत आले तेव्हा सिडनीत तिने एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत नोकरी धरली, आणि त्याच मुक्कामात ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या, कुलूप लागणाऱ्या सामानपेट्या स्वतःच्या हातांनी बनविल्या. पुढे आग्नेय आशिया, भारत व नेपाळ पाहून ती १९८४ साली घरी परतली. आपली गाडी उघडून दुरुस्त करणे तिला येत होते, आणि तिचे सामान तिच्या गाडीला बेतून घडविलेले होते. जुन्या यंत्राने तिला जगाभोवती नेले याचे श्रेय निम्मे तरी या दोन गोष्टींना द्यावे लागेल.

आपल्या घाटंजीकराला एवढ्या लांब जावयाचे नाही. पण पायरी-पायरीने जाणे त्यालाही चुकलेले नाही. दुरुस्तीनंतर पहिला फेरा यवतमाळचा करावा, सामानाविना. परत आल्यावर गाडी कागदाच्या तावावर उभी करावी आणि सकाळी तेलाचे डाग कोठे पडले ते पाहावे. सैल झालेले नटबोल्ट आवळावे. दुसरा फेरा माहूरचा, पूर्ण सामान लादून; रेणुकेच्या डोंगराची चढण इंजिनाची परीक्षा घेईल आणि उतरण ब्रेकची. तिसरा फेरा वर्ध्यावरून नागपूरचा, महामार्गावरच्या अखंड वेगाचा. या तिन्ही फेऱ्यांत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल व कापलेले अंतर वहीत टिपावे. लीटरमागे तीस किलोमीटर धरले आणि टाकीत चौदा लीटर मावत असले, तरी चारशेवीस किलोमीटरांवर भिस्त ठेवू नये. तीनशेला पेट्रोल भरण्याची सवय लावावी. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा, विशेषतः कापसाच्या हंगामात.

अखेरीस नकाराविषयी. क्रमांक जुळत नसतील, सांगाडा वाकलेला असेल, अथवा विकणारा थंड इंजिन सुरू करून दाखविण्यास किंवा आपला मिस्त्री आणू देण्यास तयार नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो सौदा करू नये. बाकीचे दोष यादीत लिहावे, त्यांची बेरीज करावी, आणि ती बेरीज आपल्या पाव हिश्शात बसते का ते पाहावे. बसली तर आनंदाने पैसे मोजावे. न बसली तर रिकाम्या हातांनी घरी यावे. जुन्या गाड्यांना तोटा नाही, पुढच्या महिन्यात दुसरी निघेल.